चाक पाच मिनिटांचं, माठ पंधरा दिवसांचा

मागच्या चैत्रात आठवडी बाजारातून एक माठ घेतला. दिसायला एकदम झकास. अंगावर मोर काढलेला, वेलबुट्टी, खाली नळ बसवलेला, सगळा चकचकीत. घरी आणला, धुतला, रात्रभर पाणी भरून ठेवलं. सकाळी पिऊन बघितलं तर टाकीतल्यासारखंच कोमट. दोन दिवस झाले, चार दिवस झाले, तीच गत. पाचव्या दिवशी आईने माठाला हात लावून बघितला अन् म्हणाली, "याला घामच येत नाही रे."

तो माठ मोटारसायकलवर पुढे घेऊन मी गावातल्या कुंभारवाड्यात गेलो. तिथल्या मामांना सगळं गाव मामाच म्हणतं. सत्तरीला टेकलेत, पण अजून चाकावर बसतात. त्यांनी माठ हातात घेतला, नखाने जरा खरवडला. मोराचा रंग नखात आला. ऑइल पेंट. मामा म्हणाले, "पत्रकार, हा माठ नाही, ही बादली आहे. बादलीत पाणी कधी गार होतंय का?"

मग खरा माठ होतो तरी कसा, हे बघायला मी पुढचे पंधरा दिवस रानातून येता-जाता त्यांच्या अंगणात थांबत गेलो. मोबाईलवर कुंभाराचे व्हिडिओ आपण सगळ्यांनीच बघितलेत. चाक गरगर फिरतं, माती वर येते, मडकं तयार. खोटं नाही ते, पण ते सगळ्यात कमी वेळाचं काम आहे. मी मोबाईलवर वेळ लावून बघितली. एका माठाचं चाकावरचं काम पाच मिनिटांत उरकलं. बाकीचे पंधरा दिवस चाकाच्या अलीकडे अन् पलीकडे जातात, अन् पाणी गार होणार का नाही, माठ टिकणार का नाही, हे तिथंच ठरतं.

माती

आपल्याकडे काळी माती उदंड. मला वाटायचं, कुंभाराला मातीला काय तोटा? पण निव्वळ काळ्या मातीचा माठ होत नाही. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात ना, पाय जाईल एवढ्या? ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. माठाचंही तेच होतं, सुकतानाच तडकतो. म्हणून मामा तळ्यातला गाळ आणि माळाकडची तांबडी चिकण माती एकत्र करतात. तांबड्या मातीत लोहाचा अंश असतो, माठ भाजल्यावर लाल होतो तो त्यामुळे.

माती आणली की आधी उन्हात कडक वाळवायची, बडवून बारीक करायची, चाळायची. हे काम मामी अन् सून करतात, आणि माझ्या मते यातच सगळ्यात जास्त डोळे लागतात. कारण चुनखडी. आपल्या भागात चुनखडीचे पांढरे खडे मातीत सगळीकडे आहेत. ज्वारीएवढा खडा जरी मातीत राहिला तरी तो आव्यात भाजून निघतो अन् त्याचा कळीचा चुना होतो. कळीच्या चुन्यावर पाणी टाकल्यावर तो कसा फुलतो, हे घराला चुना लावलेल्या माणसाला सांगायला नको. माठात पाणी भरलं की तो खडा आतल्या आत फुगतो अन् वरचा टवका उडवून देतो. गिऱ्हाईक म्हणतं, कुंभाराने कच्चा माल दिला. माठ पक्काच असतो. खडा चाळणीतून निसटलेला असतो.

चाळलेली माती खड्ड्यात दोन-तीन दिवस भिजते. मग त्यात बारीक वाळू, चाळलेली राख आणि गाढवाची किंवा घोड्याची लीद पडते. वाळूमुळे माती कमी आकसते. लिदीचं काम वेगळं आहे. तिच्यात गवताचे बारीक धागे असतात. आव्यात ते जळून जातात आणि त्यांच्या जागी डोळ्याला न दिसणारी भोकं राहतात. माठाला घाम येतो तो याच भोकांतून. माप विचारलं तर मामा घमेल्यात सांगतात, आणि वर म्हणतात की दर गाळाला माप बदलतं. माती हातात दाबून, बोटावर वळी करून वाकवून बघायची. वळी तडकली तर चिकण माती कमी पडली. बोटाला चिकटूनच राहिली तर वाळू वाढवायची.

पुढे पायाने तुडवणं. मधून बाहेर, गोल गोल, टाचेने. पुन्हा हाताने मळणं. गोळा तारेने कापून बघतात, आत खडा किंवा हवेची पोकळी राहिली का. गोरोबाकाका भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवत होते अन् रांगत आलेलं मूल पायाखाली गेलं, ही कथा आपल्या जिल्ह्यात लहान पोरालाही माहीत आहे. तो चिखल गुडघ्याएवढा कसा असतो अन् तुडवणाऱ्याची नजर कशी खाली राहत नाही, हे मला अंगणात उभं राहिल्यावर कळलं.

गाळाचं एक सांगितलं पाहिजे. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तळ्यांचा गाळ शेतात गेला. चांगलं काम आहे, मी स्वतः माझ्या रानात गाळ टाकलाय अन् फरक बघितलाय. पण मामांचं म्हणणं असं की जेसीबी खालचा मुरूम, चुनखडी अन् वरचा लोण्यासारखा गाळ एकाच बकेटात उचलतं. पूर्वी ते वरचा वीतभर थर खोऱ्याने वेगळा काढायचे. रानाला मिसळलेला गाळ चालतो, माठाला चालत नाही. तळ्याचं काम सुरू होण्याआधी एक-दोन ट्रॉल्या वरचा गाळ कुंभाराला काढू द्यायला ग्रामपंचायतीला काहीच अडचण नसावी. कुणी विचारलेलं नाही एवढंच.

चाक

मामांचं जुनं चाक दगडाचं होतं, आताचं सिमेंटचं आहे. खाली जमिनीत पुरलेल्या खुंट्यावर तोललेलं. काठाजवळ एक खाच असते. तिच्यात दांडा घालून चार-सहा वेळा जोरात फिरवलं की चाक सुटतं. चाकाचं वजन मुद्दाम काठाकडे जास्त ठेवलेलं असतं. जुन्या डिझेल इंजिनाचं फ्लायव्हील आठवा, इंजिन बंद केल्यावरही फिरत राहायचं. तसंच. एकदा वेग घेतला की दोन्ही हात मातीला मोकळे मिळतात.

गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर बसला पाहिजे. कापसाच्या बोंडाएवढा जरी फरक पडला तरी भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ होते, अन् पातळ बाजू आधी सुकून तडकते. हात स्थिर ठेवायचे, फिरायचं मातीने. अंगठ्याने मध्ये खड्डा पाडायचा, आत-बाहेर बोटं ठेवून भिंत वर घ्यायची, ओल्या फडक्याने ओठ वळवायचा, दोऱ्याने खालून कापायचं. मी पण एकदा बसून बघितलं. गोळा थेट मामांच्या धोतरावर. असो.

माझा समज होता की माठ चाकावर पूर्ण होतो. होत नाही. पणती, बोळकं, संक्रांतीची सुगडं चाकावरच पूर्ण होतात. एकाच मोठ्या गोळ्याच्या शेंड्यावर एकामागून एक करून कापत जातात. पण माठ चाकावरून उतरतो तेव्हा तो माठासारखा दिसतही नाही. तोंड अन् गळा नीट झालेला, खाली जाड भिंतीचा ठेंगणा डबा. बूड तर उघडंच. ओल्या मातीचा एवढा मोठा पातळ फुगा चाकावर उभाच राहणार नाही, आपल्याच वजनाने बसेल.

फुगा होतो तो थापटण्याने. डबा सावलीत थोडा सुकू द्यायचा. बोट दाबलं तर ठसा उमटावा पण माती बोटाला लागू नये, इतपत. मग मामा तो मांडीवर घेतात. डाव्या हातात गुळगुळीत दगडी गोळा, तो आतून लावायचा. उजव्या हातात लाकडी थापटणं, ते बाहेरून मारायचं. गोळा आत जिथे, थापटणं बाहेर बरोबर तिथेच. थाप थाप थाप, अन् माठ मांडीवर फिरत राहतो. माती चिकटू नये म्हणून राख भुरभुरायची. बोटभर जाड भिंत पातळ होत जाते, पोट फुगत जातं, बूड हळूहळू मिटत येतं. एका बैठकीत होत नाही. थोडं थापटायचं, थोडं सुकू द्यायचं, पुन्हा थापटायचं. दोन दिवस चालतं.

थापटल्याने माती दाबली जाते, घट्ट होते. म्हणून इतक्या पातळ भिंतीचा माठ दहा लिटर पाणी पेलतो. साच्यात माती दाबून केलेले माठ हल्ली बाजारात भरपूर येतात. आकाराने अगदी सारखे, एकावर एक ठेवले तरी फरक नाही. ते सगळेच वाईट असतात असं मी म्हणणार नाही, पण त्यांची भिंत बहुधा जाड असते अन् उचलल्यावर वजन कळतं.

सुकणं आणि अवकाळी

सुकताना माठ शंभरात आठ-दहा इतका लहान होतो. तोंड आधी सुकतं, बूड मागे राहतं. दोन्हीकडची ओढाताण झाली की चीर. म्हणून सावलीत, वारा अडवून, तोंडावर फडकं टाकून सुकवायचं. आपल्याकडच्या एप्रिलच्या झळा कच्च्या माठाला उन्हापेक्षा वाईट.

आणि त्याहून वाईट अवकाळी. मी जात होतो त्याच आठवड्यात एका संध्याकाळी वावटळ सुटली, पाठोपाठ गारा. मी रानातून पळत घरी आलो, माझ्या आंब्याचा फुलोरा अन् कैऱ्या खाली. दुसऱ्या दिवशी मामांच्याकडे गेलो तर पडवीचा पत्रा उडालेला अन् साठ-पासष्ट कच्चे माठ पुन्हा चिखल झालेले. न भाजलेल्या मातीवर पाणी पडलं की ती परत माती होते. चार दिवसांनी पंचनाम्याला माणसं आली. माझ्या आंब्याचं लिहून घेतलं. मामांच्या अंगणातला चिखल त्यांनाही दिसला, पण त्याला सातबारा नव्हता. कागदावर काही चढलं नाही. मामांनी तोच चिखल गोळा केला, पुन्हा भिजवला, पुन्हा तुडवला. माती वाया गेली नाही, पण अक्षय्य तृतीया तोंडावर असताना दहा दिवस गेले. अक्षय्य तृतीयेला घरोघरी नवा माठ लागतो, पितरांच्या नावाने पाणी भरून देतात. मामांचा वर्षाचा मोठा धंदा त्याच पंधरवड्यात असतो.

आवा

सुकलेल्या माठाला काव लावून गुळगुळीत दगडाने घोटतात. काव म्हणजे बारीक तांबड्या मातीचं पातळ पाणी. हा रंग मातीचाच असल्यामुळे भोकं पूर्ण बुजत नाहीत. ऑइल पेंटने बुजतात.

मग आवा रचायचा. खाली गोवऱ्या, लाकडं, भुसा. वर माठ पालथे, मोठ्यांच्या मधल्या फटीत लहान बोळकी. मधून मधून पुन्हा गोवऱ्या. सगळ्यांवर उसाचं पाचट, त्यावर फुटक्या खापऱ्या आणि वरून राखेचा-मातीचा लेप, खाली अन् वर हवेला जागा ठेवून. घाई करायची नाही. पहिले काही तास नुसती धग. माठ कितीही सुकला तरी अंगात ओल असते. आच एकदम वाढली तर त्या ओलीची वाफ होऊन माठ आतच फुटतो, आवाज बाहेर येतो. मामी त्या रात्री झोपल्या नाहीत. एक आवाज आला की एक बोट मोडायच्या.

आच ५०० ते ६०० अंशांच्या पुढे गेली की मातीच्या कणांत बांधलेलं पाणीही निघून जातं, अन् त्यानंतर ती माती कितीही भिजवली तरी परत चिखल होत नाही. उघड्या आव्यात आच साधारण ७०० ते ८०० अंशांपर्यंत जाते. मामांकडे थर्मामीटर नाही, ते फटीतून आतला रंग बघतात. काळपट लाल अजून कच्चा, नारिंगी लाल झाला की पुरे. शेवटी हवा मोकळी ठेवली तर माठ लाल निघतो. हवेची वाट बंद करून धूर आत कोंडला तर त्याच मातीचा माठ काळा होतो. काळा माठ वेगळ्या मातीचा असतो, हा आपला गैरसमज आहे.

दीड-दोन दिवस आवा हात न लावता निवू द्यायचा. मग एक एक माठ काढून बोटाच्या पेरानं वाजवायचा. खणखणीत वाजला तर पक्का. भद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे किंवा भाजणं कमी पडलं. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांच्या डोक्यावर वाजवून बघितलं अन् नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, मग नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, ही गोष्ट याच परीक्षेवरून आलेली. तेरला गेलात तर तेरणेकाठी गोरोबाकाकांचं मंदिर बघालच, पण तिथल्या शासकीय वस्तुसंग्रहालयातही डोकवा. सातवाहन काळातली मातीची भांडी आहेत.

पाणी गार कसं होतं

भोकांतून पाणी झिरपून माठाच्या अंगावर येतं आणि वाऱ्याने उडतं. उडताना ते उष्णता घेऊन जातं. घामाने भिजलेला सदरा वाऱ्यावर गार लागतो, तेच. एक ग्रॅम पाणी उडायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. १० लिटरच्या माठातून एक फुलपात्र, समजा २०० मिलिलिटर, पाणी उडालं तर हिशोबाने आतलं पाणी ११-१२ अंशांनी उतरायला पाहिजे. प्रत्यक्षात तेवढं उतरत नाही, बाहेरची गरम हवा सारखी उष्णता आत ढकलत असते. पण हवा जितकी कोरडी तितका माठ चांगला चालतो. म्हणून मराठवाड्यात, विदर्भात उन्हाळ्याच्या दुपारी माठ कमाल करतो अन् तोच माठ दमट हवेच्या कोकणात नेला तर निम्माही गार करत नाही. पावसाळ्यात आपल्याकडेही करत नाही, तेव्हा कुंभाराला बोल लावू नका.

घेताना वाजवून घ्या. उन्हाकडे धरून आत बघा, चीर असेल तर उजेड दिसतो. नख मारून रंग बघा. ओल्या बोटाने बाहेरून टिपका लावा. लगेच शोषला तर माठ चांगला, पाणी मोत्यासारखं तसंच उभं राहिलं तर सोडून द्या. घाम यावा, धार लागू नये. घरी आणल्यावर एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, पहिलं पाणी झाडाला घाला. साबण, पावडर कधीच लावू नका, भोकं साबण पितात. काथ्याने नुसत्या पाण्याने घासा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गॅसशेजारी ठेवू नका. जिथे वारा लागतो तिथे तिवईवर, खाली ओली वाळू. बोअरचं जड पाणी असेल तर क्षार साचून भोकं बुजत जातात, माठावर पांढरी बुरशीसारखी खर दिसते ती हीच. बाहेरून घासून एक उन्हाळा निघतो, फार तर दोन. तिसऱ्या वर्षी नवाच घ्यावा लागतो.

कुंभारकाम करणाऱ्यांसाठी एक कामाची माहिती. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत कुंभार आहे. नोंदणी सीएससी केंद्रावर होते, पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपये, आणि ५ टक्के व्याजाने पहिलं १ लाखाचं व नंतर २ लाखांचं विनातारण कर्ज अशी तरतूद आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगही विजेवर चालणारी चाकं देतो. मामांच्या पुतण्याकडे तसं चाक आहे. दांडा फिरवून खांदा दुखणं थांबलं, पणत्या पटापट होतात. लाईट गेली की मात्र तो काकांच्या सिमेंटच्या चाकावर येऊन बसतो.

माझा तो मोराचा माठ मामांनी परत दिला, बुडाला एक भोक पाडून. बायकोने त्यात पुदिना लावलाय. घाम येत नाही म्हणून ओल टिकते, दोन दिवसाआड पाणी घातलं तरी चालतं.